कासवाला कोरडा कट्टा आधी, पाणी मागून

बडोद्यात डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं जे हिरवं पिल्लू विकत मिळतं, ते रेड-इअर्ड स्लायडर, मूळ अमेरिकेतलं. त्याच्यासोबत प्लॅस्टिकच्या नारळाच्या झाडाचा वाडगा देतात, तो घेऊच नका. मादीची पाठ २५ ते ३० सेंमीपर्यंत वाढते, आणि नीट जपलं तर हे कासव सहज वीस-तीस वर्षं जगतं. विश्वामित्री नदीतलं किंवा तळ्यातलं देशी कासव मात्र घरी आणायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे.

पाठीच्या दर अडीच सेंमीला साधारण ४० लिटर पाणी लागतं. दहा सेंमीच्या कासवाला ४ × दीड × दीड फुटांची काचेची टाकी घ्या आणि ३० सेंमीपर्यंत भरा. हे झालं १६५ लिटरच्या आसपास पाणी. वरचे १५ सेंमी रिकामे हवेत, नाहीतर कासव चढून बाहेर पडतं. काच, स्टँड आणि पाणी मिळून वजन अडीचशे किलोच्या घरात जातं, म्हणून दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात लाकडी माडीवर टाकी ठेवायचा विचार सोडा, तळमजलाच बरा. काचेखाली थर्मोकोलची सलग शीट हवीच. तळाशी बारीक खडी घालू नका. कासव ती गिळतं आणि आतडं तुंबतं. तळ मोकळा ठेवा, किंवा कासवाच्या डोक्याहून मोठे गोटे घाला.

आता कट्टा, म्हणजे कासवाने पाण्याबाहेर येऊन अंग वाळवायची जागा. पाठ आणि पोट पूर्ण वाळलं नाही तर कवचाला बुरशी धरते, कवच कुजतं. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची चौकट करा, वर प्लॅस्टिकची जाळी झिप-टायने बांधा. पाइपला पाण्याखाली चार-पाच भोकं पाडा, म्हणजे आत पाणी भरेल आणि चौकट तरंगणार नाही. चढायला जाळीचाच उतार द्या आणि त्याचं खालचं टोक पाण्यात चांगलं बुडू द्या. टायची कापलेली टोकं कानशीने घासा, पोटाला ओरखडे तिथेच पडतात.

कट्ट्यावर दोन दिवे लागतात. एक उष्णतेसाठी, साधा ५०-६० वॅटचा हॅलोजन. एलईडीने ऊब मिळत नाही. कासवाच्या पाठीच्या उंचीवर थर्मामीटर धरून ३२ ते ३५ अंश येईपर्यंत दिवा वरखाली करा. तो नुसत्या चिमट्यावर सोडू नका, साखळीने टांगा. दुसरा यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा दिवा, पॅकवर लिहिलेल्या अंतरावर, रोज १०-१२ तास. मध्ये काच नको, कारण काच यूव्हीबी अडवते. खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही त्यामुळे फुकट. उजेड तसाच दिसत असला तरी बऱ्याचशा यूव्हीबी नळ्या वर्षभरात निकामी होतात. गच्चीवर ऊन द्यायचं तर सकाळी, अर्ध्या सावलीतल्या टबात, वीस-तीस मिनिटं, आणि कुणीतरी जवळ बसून. काचेची टाकी उन्हात ठेवली तर कासव शिजतं.

पाणी २४ ते २८ अंशांत राहू द्या. उतराणीच्या (संक्रांतीच्या) सुमारास रात्री गारठा असतो, तेव्हा १५० वॅटचा हीटर लावा, पण त्यावर जाळी हवी. उघडी काच कासव धडक देऊन फोडतं. मे महिन्यात हीटर काढा, बर्फाची बंद बाटली तरंगत सोडा.

फिल्टर टाकीच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा लागतो, कारण कासव माशांपेक्षा कितीतरी जास्त घाण करतं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवाल तर क्लोरीनने घाण पचवणारे उपयोगी जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर दोन-तीन दिवसांनी थोडं पाणी बदला. पुढे आठवड्याला पाव टाकी पुरते. वीज बरेच तास गेली असेल तर बंद डब्याचा फिल्टर आधी रिकामा करा, मगच चालू करा. आतलं सडलेलं पाणी टाकीत जाता कामा नये.

खाण्यात कासवाच्या पेलेट, डकवीड किंवा अझोला (पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक वनस्पती). पालक नको, तो कॅल्शियम बांधून ठेवतो. कॅल्शियमसाठी गांधियाणाच्या (जडीबुटीच्या) दुकानातून समुद्रफेस (माकुळाचं हाड) आणा, मागची कडक पाठ सोलून तुकडा पाण्यात सोडा. नुसती सुकी कोळंबी खाणाऱ्या पिल्लाचे डोळे जीवनसत्त्व अ कमी पडल्याने सुजतात. कवच बोटाने दबलं तर यूव्हीबी किंवा कॅल्शियम कमी पडतंय. एका बाजूला कलून पोहत असेल तर बहुधा न्यूमोनिया. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

पाणी काढताना नळी तोंडाने ओढू नका. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो, म्हणून अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ पासून बंदी आहे. हात साबणाने धुवा, टाकीचं सामान स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नेऊ नका. काढलेलं पाणी जास्वंदीला उत्तम; तुळस, पुदिना, कोथिंबिरीला मात्र घालू नका.