पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही: मालवणच्या दमट हवेतला पीसी

भर पावसाळ्यात पीसी अचानक रुसला. बटण दाबलं की पंखा फिरायचा, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल' आणि आतून लांब बीप. केबल बदलली, दुसरा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) लावला, ढिम्म. डोकं पार उठलं.

चाललं ते हे: वायर सॉकेटमधून काढा, मग पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून रॅमच्या (मेमरीच्या कांडीच्या) क्लिपा उघडा, रॅम काढा. खाऱ्या हवेने सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर चढला होता. पांढऱ्या खोडरबराने दोन्ही बाजू हलक्या घासा, कीस आणि स्लॉट कोरड्या ब्रशने झाडा. पट्ट्यांना बोट नको. आधी एकच रॅम, 'टक्' होईपर्यंत दाबा, चालू करा. डिस्प्ले आला? बंद करून, वायर काढून दुसरी लावा. पीसीचं घड्याळ मागे पडत असेल तर मदरबोर्डवरचा गोल सीआर २०३२ सेलही बदला, स्वस्त असतो.