बदकाची अंडी घरच्या इन्क्युबेटरमध्ये उबवताना या चुका टाळा

बदकाच्या अंड्यांच्या उबवणीत सर्वांत चटका लावणारे अपयश अगदी शेवटी पदरी येते. पंचवीस दिवस सारे सुरळीत चाललेले असते, उजेडात धरल्यावर आतली हालचालही दिसलेली असते, आणि अठ्ठाविसावा दिवस उलटून गेला तरी कवचाला तडा जात नाही. असे अंडे फोडून पाहिले, तर आत पूर्ण वाढलेले पिल्लू मृतावस्थेत आढळते. अशा वेळी शेवटच्या दिवसांत काहीतरी चुकले असावे असे वाटते. परंतु बहुतेक वेळा ती चूक पहिल्या दोन आठवड्यांतच होऊन गेलेली असते, आणि तिचा संबंध उष्णतेइतकाच, किंबहुना अधिक, पाण्याशी असतो.

आर्द्रतेच्या आकड्यावर विसंबणे

बदके पाण्यात राहणारी, म्हणून त्यांच्या अंड्यांना पहिल्या दिवसापासून भरपूर ओलावा हवा, ही समजूत मी सर्वांत घातक मानतो. उबवणीच्या काळात कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून अंड्यातील पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते आणि तिने सोडलेली जागा रुंद टोकाकडील हवेची पोकळी घेत असते. पिल्लू कवच फोडण्याआधी याच पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेते. आर्द्रता फार ठेवली, तर पाणी पुरेसे उडत नाही, पोकळी लहान राहते आणि सुजलेल्या, ओलसर पिल्लाला आत वळायला जागाच उरत नाही. उलट आर्द्रता फार कमी ठेवली, तर पोकळी अवास्तव मोठी होते, पिल्लू लहान व अशक्त राहते आणि आतला पापुद्रा कोरडा पडून त्याच्या अंगाला चिकटतो.

पहिले २५ दिवस सुमारे ४५ ते ५५ टक्के आर्द्रता बहुतेक अंड्यांना मानवते. पण हा आकडा केवळ सुरुवात करण्यापुरता धरावा. काही अंड्यांचे कवच जाड असते, काहींचे विरळ छिद्रांचे, आणि स्वस्त आर्द्रतामापक कित्येकदा दहा-दहा टक्क्यांनी चुकतात. खरे मोजमाप अंडे स्वतः देते. यंत्रात ठेवण्यापूर्वी प्रत्येक अंड्याचे वजन करून ते पेन्सिलीने कवचावर लिहावे आणि दर आठवड्याला पुन्हा वजन करावे. पंचविसाव्या दिवसापर्यंत मूळ वजनाच्या सुमारे १२ ते १४ टक्के घट व्हायला हवी. म्हणजे ८० ग्रॅमच्या अंड्याने तोवर दहा-अकरा ग्रॅम, अर्थात आठवड्याला साधारण तीन ग्रॅम गमावलेले असावेत. घट कमी असेल तर पाणी कमी करावे, जास्त असेल तर वाढवावे. पाणी वाढवणे म्हणजे भांडे अधिक खोल भरणे नव्हे, कारण आर्द्रता पाण्याच्या खोलीवर नव्हे, तर उघड्या पृष्ठभागावर अवलंबून असते. म्हणून पसरट भांडे ठेवावे किंवा पाण्यात स्पंजचा तुकडा उभा करावा.

आर्द्रतामापकाची परीक्षा घरी करता येते. एका लहान झाकणात साधे मीठ घेऊन ते चिखलासारखे ओलसर करावे, पूर्ण विरघळू देऊ नये. ते झाकण व मापक एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावे. सकाळी मापकाने ७५ टक्क्यांच्या आसपास आकडा दाखवावा. जो फरक दिसेल, तो पुढे प्रत्येक नोंदीत धरावा.

तापमान चुकीच्या जागी मोजणे

पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस हे तापमान योग्य ठरते. पंखा नसलेल्या यंत्रात उष्ण हवा वर साचून थर तयार होतात, त्यामुळे तेथे अंड्यांच्या वरच्या पृष्ठभागाच्या पातळीवर सुमारे ३८.५ अंश असावे लागतात. तापमापक तळाशी ठेवून तोच ३७.५ चा आकडा गाठू पाहणारे अंडी नकळत भाजून काढतात. यंत्राच्या पडद्यावरील आकड्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी शरीराचा ताप मोजण्याच्या तापमापकाशी तो ताडून पाहावा आणि अंडी ठेवण्याआधी यंत्र किमान एक दिवस रिकामे चालवावे.

थोडीशी थंडी भ्रूण सहन करतो. अति उष्णता मात्र त्याला सोसत नाही. काही तास वीज गेल्यास यंत्र न उघडता जाड पांघरुणाने झाकावे, मात्र हवेची छिद्रे पूर्ण बंद करू नयेत. अंडी बहुधा वाचतात, फार तर पिल्ले उशिरा निघतात. याउलट तापमान ४० अंशांच्या वर गेले, तर थोड्या वेळातही मोठे नुकसान होते. शेवटच्या आठवड्यात वाढलेली पिल्ले स्वतःच उष्णता निर्माण करू लागतात, म्हणून भरगच्च यंत्रात त्या दिवसांत तापमानाकडे अधिक लक्ष द्यावे लागते. यंत्र खिडकीच्या उन्हात किंवा वाऱ्याच्या झोतात ठेवू नये, एवढे सांगणे पुरे.

मळलेली आणि शिळी अंडी

बदके ओल्या, चिखलाच्या जागी अंडी घालतात आणि मळलेल्या अंड्यातून जंतू आत शिरतात. उबेत असे अंडे सडते, आतल्या वायूने फुगते आणि फुटले तर शेजारची चांगली अंडीही नासवते. मळ दिसला की अंडे थंड पाण्याखाली धरण्याचा मोह होतो, पण थंड पाण्याने आतला द्रव आकसतो आणि बाहेरचा जंतुयुक्त ओलावा छिद्रांतून आत खेचला जातो. शक्यतो स्वच्छ अंडीच निवडावीत. किरकोळ मळ कोरडाच हलक्या हाताने खरवडावा. धुणे अगदी अटळ असेल, तर पाणी अंड्यापेक्षा कोमट असावे.

अंडी गोळा केल्यापासून सात दिवसांच्या आत, १३ ते १६ अंशांच्या थंडाव्यात ठेवलेली असताना उबवायला घ्यावीत. प्रवासातून आलेली अंडी निमुळते टोक खाली ठेवून एक दिवस स्थिर राहू द्यावीत.

कोंबडीचे वेळापत्रक बदकाला लावणे

कोंबडीची अंडी २१ दिवसांत, बहुतेक बदकांची २८ दिवसांत आणि मस्कोव्ही या प्रकारच्या बदकांची सुमारे ३५ दिवसांत फुटतात. दोन्ही पक्ष्यांची अंडी एकाच यंत्रात एकाच दिवशी ठेवली, तर कोंबडीच्या पिल्लांसाठी वाढवलेली आर्द्रता बदकाच्या अंड्यांना ऐन मधल्या काळात भोवते. कोंबडीच्या अंड्यांसाठी केलेल्या फिरत्या ट्रेमध्ये बदकाची मोठी अंडी नीट बसतही नाहीत; ती आडवी ठेवून दिवसातून किमान तीन ते पाच वेळा हाताने उलटावीत. विषम संख्येने उलटल्यास रोजच्या लांब रात्री अंडे आलटून पालटून वेगळ्या बाजूवर राहते. न उलटलेल्या अंड्यात भ्रूण पापुद्र्याला चिकटू शकतो. पंचविसाव्या दिवशी, मस्कोव्हीच्या बाबतीत सुमारे एकतिसाव्या दिवशी, उलटणे थांबवावे.

अंडी रोज थोडा वेळ थंड करण्याविषयी पाळणाऱ्यांमध्ये मतभेद आहेत. अंड्यावर बसलेली बदकीण दिवसातून एकदा घरट्याबाहेर जाते आणि ओल्या पिसांनी परतते, त्याचे हे अनुकरण. पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून एकदा दहा-पंधरा मिनिटे झाकण उघडून कोमट पाण्याचा हलका फवारा देण्यास माझी हरकत नाही. परंतु तसे केल्यावरही वजनाची नोंदच अंतिम मानावी.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत तीव्र उजेडासमोर अंडे धरावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्या दिसल्या तर भ्रूण जिवंत आहे, अंडे स्वच्छ दिसले तर ते निष्फळ आहे आणि लाल कडे दिसले तर भ्रूण सुरुवातीसच दगावला आहे. अशी अंडी, तसेच दुर्गंधी येणारे किंवा पाझरणारे कोणतेही अंडे, तत्काळ बाहेर काढावे.

शेवटच्या तीन दिवसांतील घाई

पंचविसाव्या दिवसानंतर आर्द्रता ६५ ते ७५ टक्क्यांपर्यंत वाढवावी, हवेची छिद्रे मात्र उघडी ठेवावीत, कारण याच वेळी पिल्लांना सर्वाधिक प्राणवायू लागतो. पिल्लू आधी आतल्या पोकळीत चोच घालते आणि त्यानंतर साधारण एक दिवसाने कवचावर पहिला तडा दिसतो. त्यापुढे ते तासन्‌तास निपचित पडून राहते. हा काळ चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांचाही असू शकतो आणि त्यात पिल्लू थकलेले नसून पापुद्र्यातील रक्त व पोटाशी उरलेला बलक आत ओढून घेत असते. कीव येऊन या वेळी कवच सोलले, तर रक्तवाहिन्या तुटतात आणि वाचणारे पिल्लू आपल्या हातून जाते. झाकण वारंवार उघडल्याने ओलावा निघून जातो आणि तडा गेलेल्या इतर अंड्यांतील पापुद्रा वाळून पिल्लांना आवळून धरतो.

मदत करायचीच असेल, तर तडा जाऊन पूर्ण दोन दिवस उलटल्यावर, पापुद्रा पिवळट व चिवट झालेला असेल आणि त्यात लाल रेषा नसतील तेव्हाच करावी. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पापुद्रा ओला करावा, चोचीभोवतीचे कवच तेवढे काढावे आणि रक्ताचा ठिपका दिसताच थांबून अंडे काही तास पुन्हा आत ठेवावे.

निघालेली पिल्ले वाळून मऊ होईपर्यंत यंत्रातच राहू द्यावीत. पोटातला बलक त्यांना एक-दोन दिवस पुरतो. त्यानंतर ती सुमारे ३२ अंशांच्या उबदार ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्ले उबेत वाढवण्याच्या जागी, हलवावीत. तेथे खाली गुळगुळीत कागद अंथरू नये, कारण पाय घसरून ते कायमचे फाकतात.

न फुटलेली अंडी फेकण्यापूर्वी फोडून तपासावीत. आत भरपूर ओल आणि लहान पोकळी आढळली तर आर्द्रता जास्त होती. कोरडा, घट्ट चिकटलेला पापुद्रा आढळला तर ती कमी होती. बहुतेक भ्रूण पहिल्याच आठवड्यातील असतील तर तापमान किंवा अंड्यांची साठवण तपासावी. पिल्लाचे डोके निमुळत्या टोकाकडे वळलेले आढळले, तर अंडी ठेवताना ते टोक वर झाले होते का हे आठवून पाहावे. मात्र तशी एखाददुसरी घटना उत्तम सांभाळलेल्या यंत्रातही घडते.