ट्रेड बीड्स गोळा करताय? या चुका टाळा, आणि आधी मण्याचं भोक बघा

ट्रेड बीड्स म्हणजे पूर्वी व्यापारी परदेशात मालाच्या बदल्यात द्यायचे ते मणी, बहुतेक काचेचे. विक्रेता सांगतो की न्यूयॉर्कचं मॅनहॅटन बेट असल्याच मण्यांनी विकत घेतलं होतं, आणि आपण घासाघीस न करता पैसे काढतो. पहिली चूक इथेच होते. त्या व्यवहाराबद्दल १६२६ चं एक डच पत्र आहे, त्यात ६० गिल्डर किंमत दिलीय, मण्यांचं नावसुद्धा नाही. ‘लुईस अँड क्लार्क बीड्स’चंही तसंच, हे नाव आज व्हेनिसच्या नक्षीदार, वेलबुट्टीच्या मण्यांना लावतात, पण लुईस आणि क्लार्क यांच्या १८०४ ते १८०६ च्या, अमेरिका ओलांडून पश्चिम किनारा गाठणाऱ्या मोहिमेच्या रोजनिशीत कोलंबिया नदीच्या मुखाकडचे लोक मागत होते ते निळे मणी, इतके की नोव्हेंबर १८०५ मधे समुद्री पाणमांजराच्या कातड्याचा एक झगा मिळवायला मोहिमेबरोबरच्या सॅकाजाविया या आदिवासी स्त्रीच्या कमरेचा निळ्या मण्यांचा पट्टा द्यावा लागला. आणि ‘स्लेव्ह बीड्स’ म्हणून जे मिलेफिओरी, म्हणजे रंगीत काचेच्या चकत्या जोडून फुलांची नक्षी केलेले मणी खपवतात ते बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला व्हेनिसमधे बनलेत, तोवर अटलांटिकवरचा गुलामांचा व्यापार बंद झाला होता. मणी देऊन माणसं विकत घेतली गेली हे खरंच घडलंय, म्हणूनच तो शब्द भाव वाढवायला कुठल्याही माळेला चिकटवणं मला अजिबात पटत नाही.

मग बघायचं काय? भोक. सोनार वापरतात तसं दहापट दाखवणारं भिंग आणि छोटा टॉर्च घ्या, एवढं पुरतं. काचेची नळी लांब ओढून तिचे तुकडे केलेला मणी असेल तर आतले बुडबुडे भोकाच्या दिशेने लांबट दिसतात, सळईवर वितळलेली काच गुंडाळून केला असेल तर रेषा आणि बुडबुडे भोकाभोवती फिरलेले दिसतात. हे कळलं की विक्रेत्यांच्या निम्म्या कहाण्या आपोआप गळून पडतात. कुणी ‘सतराव्या शतकातला’ म्हणून मणी दाखवला आणि त्याच्या पोटावरून रुंद पट्टा फिरलाय, एक टोक गुळगुळीत आणि दुसरं खरखरीत आहे, तर तो बहुधा प्रॉसर पद्धतीचा, म्हणजे साच्यात दाबून भाजलेला, आणि त्या पद्धतीचं पेटंटच १८४० चं आहे. भोकात भरपूर पांढरी भुकटी असेल तरी सावध व्हा, सळईला काच चिकटू नये म्हणून लावलेला लेप असतो तो, आणि वर्षानुवर्षं दोऱ्यावर घासलेल्या मण्यात सहसा इतका उरत नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे झिजेला भुलणं. मणी ॲसिडमधे बुडवून किंवा वाळूबरोबर फिरवून म्हातारा करता येतो. खरी झीज सगळीकडे सारखी नसते, शेजारचा मणी घासून घासून टोकं सपाट होतात, अंगावर आपटल्याच्या चंद्रकोरीसारख्या बारीक खुणा असतात आणि खाचखळग्यात मूळची चमक टिकून राहते. सगळा मणी एकसारखा मंद दिसला, खाचेतसुद्धा, तर हात आखडता घ्या. सात थरांच्या शेव्हरॉनच्या बाबतीत तर नक्कीच, कारण पंधराव्या शतकाच्या शेवटी व्हेनिसजवळच्या मुरानोत सुरू झालेल्या या बारा टोकांच्या ताऱ्याच्या मण्यांच्या नकला आज भारतात आणि चीनमधे होतात.

‘घानाहून आणलंय’ हा पुरावा नाही. उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरसारख्या ठिकाणचे नवे मणी आफ्रिकेला जातात आणि तिथल्या गवती दोऱ्यात ओवून ‘ॲन्टिक’ म्हणून जगभर विकले जातात. घानामधे कोफोरिडुआच्या गुरुवारच्या बाजारात क्रोबो लोकांचे काचेच्या भुकटीचे मणी मिळतात, ते नवेच म्हणून घ्या, फार देखणे असतात, त्यांना जुनेपणाची गरजच नाही. यूव्ही टॉर्चखाली हिरवा चमकला म्हणजे जुना, हेही खरं नाही, युरेनियमची काच आजही बनते.

लाल अकीकात आपला जास्त संबंध येतो. गुजरातेतल्या रतनपूरचा दगड खंबातला भाजून, घासून, भोकं पाडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जायचा, पोर्तुगीजांनाही तिथल्या सोफाळा बंदराच्या व्यापारात खंबातचे मणी लागायचे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या इडार-ओबरस्टाइनने त्याच आकारांची नक्कल केली. खंबातच्या मण्याला दोन्ही बाजूंनी भोक पाडलेलं असतं, मधे जिथे ती भेटतात तिथे किंचित पायरी जाणवते, बारीक तार घालून बघा.

आता घरी आणल्यावरच्या अडचणी. मणी चिकट, घामट वाटायला लागला किंवा अंगावर केसासारखे तडे आले तर काचेतला क्षार ओल्या हवेने बाहेर येतोय, पावसाळ्यात आपल्याकडे हा धोका वाढतो. पिशवीत गच्च बांधून ठेवू नका, सिलिका जेलच्या पुड्या ठेवून डबा कोरडा ठेवा, पण उन्हात किंवा ओव्हनमधे वाळवू नका. पाण्यात रंग उतरला तर रंग वरून चढवलेला आहे, धुणं तिथेच थांबवा. सोनाराकडच्या अल्ट्रासॉनिक मशीनमधे जुने मणी घालू नका, आधीचे तडे पसरतात. धातूच्या तारेत ओवलं की भोकाची कड उडते, मजबूत दोरा घ्या आणि मोठ्या मण्यांमधे गाठी मारा.

पैठण, तेर, नेवासे, चौल इथे जुने मणी मिळतात आणि ‘शेतात सापडले’ म्हणून विकलेही जातात, ते घेऊ नका. जमिनीतून उपटलेला मणी कुठल्या थरातला, कशाबरोबरचा हे कायमचं पुसलं जातं, त्या माहितीसाठीच तर उत्खननं होतात. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा अमेरिकेतल्या भाचीच्या लग्नात खंबातची जुनी माळ द्यायचा विचार असेल तर बॅग भरायच्या आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतोय का ते बघा, आणि नाही मिळाला तर माळ इथेच ठेवा.