एआयचं काम खान्देशात करायचं तर आधी दिवाणजींना भेटा

पुणं सोडून जळगाव-धुळ्यात एआय सल्लागाराचं काम चालेल का, असं इथली इंजिनिअरिंगची मुलं विचारतात. चालतं. फक्त मालकासमोर पहिल्या बैठकीत ‘एआय’ म्हणू नका. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, तेव्हापासून तो हेच ऐकतोय, आणि ऐकवणाऱ्यामागोमाग बिल येतं हेही त्याला कळलंय.

डाळ मिलवाल्याचं घ्या. सॉर्टेक्स मशीन त्याच्या ओळखीचं आहे. पडणारा दाणा कॅमेरा बघतो, डागी असला की हवेच्या झोताने बाजूला उडवतो. यंत्राने बघून निवड करावी, यात त्याला नवल नाही. त्यासाठी त्याने पैसेही मोजलेत, कारण डागी माल गेला की भाव किती तुटतो हे त्याला तोंडपाठ होतं. तुमच्या कामालाही असा आकडा शोधा. उतारा, म्हणजे तुरीतून निघणारी डाळ, अर्ध्या टक्क्याने वाढला तर १०० क्विंटल तुरीमागे ५० किलो डाळ जास्त. एवढं सांगून थांबा, पुढचा हिशोब तो स्वतः करतो.

मग खरं काम सुरू होतं, आणि ते हिशोब सांभाळणाऱ्या दिवाणजींच्या टेबलावर असतं. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच पार्टी, म्हणजे एकच गिऱ्हाईक, तीन स्पेलिंगांनी. लॉटचा ओलावा वहीत, खरेदीचा भाव व्हॉट्सअॅपच्या व्हॉइस मेसेजात, उतारा मिस्त्रीच्या डोक्यात. हे सगळं लॉट नंबरने एकमेकांना जोडणं कंटाळवाणं आहे, पण फायदा तिथेच आहे. चॅटजीपीटी शेजारच्या मिललाही मिळतं. कोणत्या बाजाराची तूर, किती ओलाव्याला, किती उतारा देते, ही या मालकाची पाच वर्षांची नोंद शेजाऱ्याकडे नसते. आणि दिवाणजींना वाटलं की हा पोरगा आपली खुर्ची घ्यायला आलाय, तर फाइल कधीच सापडत नाही. त्यांना मालकाच्या आधी विश्वासात घ्या.

पहिलं काम म्हणून मी उधारी सुचवतो. टॅलीतून दोन वर्षांची बिलं आणि जमा काढायची, कोणती पार्टी किती दिवस उशीर करते ते मांडायचं, आणि या महिन्यात कोणाला आधी फोन लावायचा याची यादी बनवायची. आठवणीचे मेसेज मराठी, हिंदी, गुजराती असे तिन्ही भाषांत चॅटबॉट बरे लिहून देतो; रक्कम आणि तारीख मात्र थेट टॅलीतूनच भरा, त्याच्यावर सोडू नका. तपासणी अशी: शेवटचे तीन महिने झाकून ठेवा, आधीच्या माहितीवरून त्यांचा अंदाज काढा आणि दिवाणजींनाही अंदाज विचारा. दिवाणजी जिंकले तर मालकाला तसं सांगा. अशा वेळी काम हातचं जातं असं वाटतं, पण बहुतेकदा पुढचं काम त्यातूनच मिळतं.

केळीचे व्यापारी उद्याचा भाव विचारतील. नाही म्हणा. उत्तरेची मागणी, वादळ, गाड्यांची टंचाई, एवढं सगळं तुमच्या एक्सेलमध्ये येत नाही. पानाचा फोटो बघून रोग सांगायचं कामही जपून घ्या. करपा रोग आणि अन्नद्रव्याची कमतरता फोटोत सारखी दिसून फसवतात.

बोलून नोंद घ्यायची कल्पना सगळ्यांना आवडते. पण रावेर-यावलकडे लेवा बोली, धुळ्याकडे अहिराणी; ‘कितला माल शे?’ (किती माल आहे?) या अहिराणी प्रश्नाला प्रमाण मराठीवर तयार झालेलं यंत्र अडखळतं. गाडी भरणाऱ्या माणसाला मोबाइलवर मोठी आकड्यांची बटणं द्या, काम लवकर होतं.

पार्ट्यांचे फोन नंबर फुकटच्या अॅपमध्ये टाकू नका. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, पण त्याआधी गावातली पत आहे. आणि चाचणी फुकट करू नका. थोडी का होईना, फी घ्या. पैसे न देणारा मालक माहितीही देत नाही.

शिकायचं काय? एक्सेल, डेटाबेसमधून माहिती काढायची एसक्यूएल भाषा, थोडं पायथॉन प्रोग्रॅमिंग आणि टॅलीतून डेटा बाहेर काढणं. मॉडेल घडवण्याचे महागडे कोर्स नंतर.

पहिलं गिऱ्हाईक सीएच्या ऑफिसातून मिळतं, कारण कोणाची उधारी कुठे अडकलीय हे त्यांना दिसत असतं. मार्चअखेर आणि सप्टेंबरच्या ऑडिटच्या धांदलीत तेवढं जाऊ नका, कोणी बसासुद्धा म्हणणार नाही.