पहिल्या तासातलं स्क्रॅप: शिफ्ट बदलताना या चुका टाळा

रात्रपाळीत माल व्यवस्थित, आणि सकाळी पहिल्याच तासात आठ-दहा नग स्क्रॅप. आठवड्यातून दोनदा असं व्हायला लागलं की पहिला फोन मेंटेनन्सला जातो. तो बिचारा येतो, स्पिंडल बघतो, स्लाइड बघतो आणि 'मशीनमध्ये काही नाही' म्हणून निघून जातो. खरंच काही नसतं. बिघाड झालेला असतो सात वाजता, दोन ऑपरेटरांच्या बोलण्यात.

सीएनसी लेथचंच (संगणकावर चालणाऱ्या लेथचं) घ्या. इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाचा बदलता येणारा कापणारा तुकडा, घासत जातो तसा जॉबचा (कापायच्या नगाचा) ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, वाढत जातो. रात्रीचा ऑपरेटर थोडा थोडा ऑफसेट (टूलच्या जागेतली दुरुस्ती) देऊन तो मापात ठेवतो. समजा पहाटेपर्यंत ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दिले. सहा वाजता तो इन्सर्ट बदलतो, पण ऑफसेट मागे घ्यायचा राहतो. सकाळचा माणूस विचारतो, "दादा, तीन नंबरला काय?" उत्तर येतं, "काही नाही, ओके आहे." नवा इन्सर्ट ४० मायक्रॉन जास्त कापतो, ओडी कमी भरतो. जास्त भरला असता तर पुन्हा एक कट मारता आला असता. कमी भरलेला जॉब सरळ स्क्रॅपच्या लाल पेटीत.

यात खोटं कोणी बोललं नाही. 'ओके आहे' म्हणजे त्याच्या लेखी 'मशीन चालू आहे'. ऐकणाऱ्याच्या लेखी 'सेटिंगला हात लावलेला नाही'. म्हणून 'काय चाललंय?' असं मोघम विचारू नका. 'काय बदललं?' विचारा. टूल, ऑफसेट, प्रोग्राम, मटेरियलचा लॉट, आणि अर्धवट काय राहिलं. एवढ्यावर भागतं.

दुसरी चूक सुपरवायझरांची. सूचना देऊन झाली की 'समजलं का?' विचारायचं. या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा ट्रेनी सहसा सापडत नाही. चार लोकांसमोर कोण म्हणेल? त्यापेक्षा 'आता तू काय करणार ते सांग' म्हणा. सुरुवातीला पोरांना परीक्षा घेतल्यासारखं वाटतं, पण ऑपरेटर मराठवाड्याचा आणि हेल्पर ओडिशाचा, मधली भाषा मोडकीतोडकी हिंदी, अशा लाइनवर ऐकलेलं परत म्हणून घेण्याला दुसरा पर्याय मला तरी दिसत नाही.

विमानवाहतुकीने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावर धुक्यात दोन बोइंग ७४७ धावपट्टीवरच आदळली. ५८३ माणसं गेली. त्यातलं एक डच कंपनी केएलएमचं, दुसरं अमेरिकन पॅन ॲमचं. केएलएमच्या विमानाला उड्डाणाची परवानगी मिळालेली नव्हती. विमानातून 'टेक-ऑफ'चा उल्लेख झाला, टॉवरकडून 'ओके' आलं, आणि 'थांबा' सांगणारं पुढचं वाक्य पॅन ॲमच्या विमानाचा संदेश त्याच क्षणी आल्यामुळे नीट ऐकूच गेलं नाही. केएलएमच्या कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती, त्याने विचारलंही, की ते दुसरं विमान धावपट्टीवरून बाहेर पडलं ना? कॅप्टन कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ माणूस. त्याने ठामपणे होकार दिला, विषय संपला. पुढे रेडिओवरची भाषा कडक झाली: 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच, आणि परवानगी शब्दशः परत म्हणून दाखवायची.

त्या इंजिनिअरसारखी माणसं प्रत्येक शॉपवर असतात. त्यांचं तोंड बंद करायला एकदा सर्वांसमोर झापलेलं पुरतं. 'आवाज वेगळा येतोय साहेब' म्हणणाऱ्याला 'तू काम कर' असं उत्तर मिळालं, तर पुढच्या वेळी बेअरिंग जाईपर्यंत कोणी बोलणार नाही. रिजेक्शनवर बोलायचंच असेल तर त्या माणसाला बाजूला घ्या.

लॉगबुकात 'मशीन चेक केले' लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. 'टी-०२ (दोन नंबरचं टूल) इन्सर्ट बदलला, ६:१०, ऑफसेट शून्य केला, पहिला नग तपासला' ही एक ओळ पुरेशी आहे. ती चिठ्ठीवर नव्हे, वहीत हवी.

व्हॉट्सॲप ग्रुपवर तर 'कोणीतरी कूलंट (कापताना टूल थंड ठेवणारं द्रव) बघा रे' टाकलं की अकरा अंगठे येतात आणि कूलंट तसंच राहतं. नाव घालून लिहा, वेळ घाला. अंगठ्याला उत्तर समजू नका.

आणि हे सगळं गेटवर, बसकडे पळता पळता होणार नाही. बस सुटायच्या धाकात असलेला माणूस 'ओके'च म्हणणार. दोन्ही पाळ्या मशीनसमोर दहा मिनिटं एकत्र थांबतील अशी सोय व्यवस्थापनाने करायची असते. ऑपरेटरच्या भलेपणावर ती सोडू नये. बसची वेळ दहा मिनिटांनी पुढे ढकलणं एका पेटी स्क्रॅपपेक्षा नक्कीच स्वस्त.

इतकं करूनही माल बिघडत असेल तर वार बघा. फक्त साप्ताहिक सुट्टीनंतरच्या सकाळी माप हलत असेल तर ऑपरेटरांना दोष देऊ नका. थंड मशीन तापेपर्यंत माप सरकतं. आधी वॉर्म-अप चालवा आणि मगच पहिला जॉब लावा.