एम्बेडेड कंट्रोलरच्या रजिस्टरमध्ये लिहिताना 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'? माझा अनुभव

लिनक्स लॅपटॉपवर एम्बेडेड कंट्रोलर (पंख्यासारखे भाग सांभाळणारी चिप, थोडक्यात ईसी) हाताळतानाचे लक्षण असे: ईसी_सिस मॉड्यूल (ईसीची रजिस्टर दाखवणारा कर्नलचा ड्रायव्हर) लोड होते, डीबगएफएसमधल्या (कर्नलच्या तपासणीसाठीची फाइल सिस्टीम) ईसी0 फोल्डरमधली 'आयओ' फाइल रूट म्हणून वाचता येते, पूर्ण 256 बाइट दिसतात; लिहिताना मात्र वरची एरर. परवानग्या बदलून, पंख्याचे सॉफ्टवेअर पुन्हा टाकून काही फरक पडत नाही. फार वैताग येतो.

कारण साधे आहे. ईसी_सिसचा राइट_सपोर्ट हा पर्याय मुळात बंद असतो आणि तो बंद असेपर्यंत ड्रायव्हर स्वतःच लेखन नाकारतो.

आधी कर्नलच्या कॉन्फिग फाइलमध्ये एसीपीआय_ईसी_डीबगएफएस ही सेटिंग पाहा; ईसी_सिस कर्नलमध्ये कसे आहे ते तीवरून कळते. 'एम' (वेगळे मॉड्यूल) असेल तर मॉडप्रोब.डी (मॉड्यूलच्या पर्यायांचे फोल्डर) मध्ये .कॉन्फ शेवट असलेली फाइल करून 'ऑप्शन्स ईसी_सिस राइट_सपोर्ट=1' ही ओळ लिहा. मग मॉड्यूल काढा आणि पुन्हा लोड करा. काढणे टाळू नका. आधीच लोड असलेल्या मॉड्यूलला मॉडप्रोब (मॉड्यूल लोड करणारी कमांड) नवा पर्याय देत नाही, तक्रारही करत नाही. दर बूटला हवे असेल तर मॉड्यूल्स-लोड.डी (बूटवेळी लोड करायच्या मॉड्यूलच्या यादीचे फोल्डर) मधल्या .कॉन्फ फाइलमध्ये मॉड्यूलचे नाव टाका. 'वाय' (कर्नलमध्येच समाविष्ट) असेल तर राइट_सपोर्ट हा पर्याय बूटलोडरच्या कर्नल ओळीत 'ईसी_सिस.राइट_सपोर्ट=1' असा द्यावा लागतो.

'ऑपरेशन नॉट परमिटेड' आले तर सिक्युअर बूटमुळे लागू झालेला लॉकडाउन (रूटलाही अशा गोष्टींपासून रोखणारे कर्नलचे बंधन) तपासा.

रजिस्टरचा पत्ता मॉडेलनुसार बदलतो. खात्री नसलेल्या पत्त्यावर लिहू नका, पंखा बंद पडू शकतो.