मिशिगनमध्ये हायस्कूल निवडताना: आमची एक महागात पडलेली चूक

न्यू जर्सीहून डेट्रॉइटजवळ राहायला आलो तेव्हा मुलगी नववीत जाणार होती. ऑफिसजवळच्या हायस्कूलची एसएटीची, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेची, सरासरी मी काढली. ती आमच्या जुन्या गावातल्या शाळेपेक्षा बरीच कमी दिसली, म्हणून ती शाळा तिथल्या तिथे बाद केली. लांब, जास्त भाड्याचं घर घेतलं आणि दोन वर्षं रोज दीड तास गाडीत घालवला.

नंतर कळलं, की मिशिगनमध्ये २०१६ पासून सरकारी शाळांतली अकरावीची मुलं सरसकट शाळेतच एसएटी देतात. न्यू जर्सीत तशी सक्ती नाही. तिथे मुख्यतः कॉलेजला जायचं ठरवलेली मुलं बसतात. मी अख्ख्या वर्गाची सरासरी निवडक मुलांच्या सरासरीशेजारी ठेवली होती. बाद केलेली शाळा मिशिगनच्या सरासरीच्या चांगलीच वर होती.

तेव्हा कृपा करून शाळेची तुलना त्याच राज्याच्या सरासरीशी करा. राज्याच्या परीक्षांचंही तेच. 'प्रोफिशियंट', म्हणजे अपेक्षित पातळी गाठलेलं, कुणाला म्हणायचं, हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. 'एमआय स्कूल डेटा' या सरकारी वेबसाइटवर शाळा, डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) आणि राज्य, तिन्हींचे आकडे फुकट मिळतात. तीन-चार वर्षांचे बघा.

पण नुसतं 'सरासरीच्या वर' यावरही भाळू नका. त्या सरासरीत डेट्रॉइट आणि फ्लिंटमधल्या गरीब वस्त्यांच्या शाळाही येतात. सुखवस्तू गावातली शाळा वर असणारच, त्यातून शिकवण्यापेक्षा घरांची मिळकतच जास्त कळते. मी आता कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं वेगळी काढून बघते: राज्यातल्या तशाच मुलांपेक्षा ती या शाळेत पुढे आहेत का? असतील, तर तिथले शिक्षक मेहनत घेतात असं मी मानते.

आपली मंडळी मात्र शाळेला दहापैकी किती रेटिंग एवढंच विचारतात आणि नोव्हाय, ट्रॉय या डेट्रॉइटच्या उपनगरांपलीकडे बघत नाहीत. 'ती शाळा आपल्या मुलांसाठी नाही' असं कुणी म्हणालं, तर त्यांचं मूल तिथे शिकलंय का ते विचारा. बहुतेकदा शिकलेलं नसतं.

नोव्हायच घ्यायचं असेल, तर पत्त्यावर भरवसा ठेवू नका. शहराचे काही भाग नॉर्थव्हिल, वॉल्ड लेक किंवा साउथ लायन डिस्ट्रिक्टमध्ये मोडतात. लीजवर सही करण्याआधी डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला फोन करून घराचा नेमका पत्ता सांगा.